कॉरलीने रंगवलेले चेहरे

ऑस्ट्रेलियातल्या डुनारा गावातल्या निम्म्या बायकांची कॉरली ट्रेविनला कीव यायची आणि उरलेल्या निम्म्यांचा राग. कीव यायची ती कणकेच्या रंगाची लिपस्टिक लावणाऱ्यांची. राग यायचा तो लाल ओठ, वर लालच गाल, निळ्या पापण्या आणि कोळशाने काढल्यासारख्या भुवया घेऊन शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर खिम्याची पाय खात हिंडणाऱ्यांचा. या दोन्हींच्या मधली, रंग लावायची अक्कल असलेली बाई गावात एकच होती आणि ती कॉरलीला रोज सकाळी आरशात भेटायची.

सत्तरी उलटली तरी कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर ठेवायला जातानासुद्धा ती ओठ रंगवून जायची. नारिंगीकडे झुकणारा लाल, चांगला दणदणीत, गव्हाच्या कोठारांपासून दिसावा असा. पण ओठ सोडले तर चेहऱ्यावर दुसरं काही नाही. स्वच्छ कातडी, विंचरलेल्या भुवया, पापण्यांच्या केसांना जरासं काळं. एवढं 'काही नाही' जमवायला तिला पाऊण तास लागायचा. नवरा होता तोवर त्यालाही तिने हे कळू दिलं नाही. त्या बिचाऱ्याला मरेपर्यंत वाटत होतं की बायको झोपेतून अशीच उठते.

गावातल्या औषधांच्या दुकानात सौंदर्यप्रसाधनांचं काउंटर तिने उभी हयात सांभाळलं. तिथे गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्या बाईला आधी अपमान गिळावा लागायचा, मग लिपस्टिक मिळायची.

"डोळे की ओठ?" कॉरली विचारायची.

"म्हणजे काय गं? दोन्ही."

"दोन्ही नाही. एकाला ओरडू दे, दुसऱ्याने गप्प बसायचं. तुझ्या घरी दोघं एकदम ओरडतात तेव्हा कसं ऐकू येतं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे."

बाई ओशाळून हसायची. मग कॉरली तिचा दंड धरून तिला दुकानाबाहेर फुटपाथवर न्यायची, हातात आरसा द्यायची आणि उन्हात उभं करायची. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग निवडणारी बाई म्हणजे डोळे मिटून नवरा निवडणारी, असं तिचं मत होतं. उन्हात निम्मे रंग तिथल्या तिथे बाद व्हायचे. उरलेल्यातला सर्वांत भडक ती उचलायची, कारण भडक रंगाला ती कधीच भ्यायली नाही. ती भ्यायची ती तो लावणाऱ्या हाताला. एकदा लावायचा, कागदाने टिपायचा, वर पावडरचा हलका हात फिरवायचा, पुन्हा लावायचा आणि कडा बोटाने किंचित मोडायची, म्हणजे तोंडावर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसत नाही. जांभळी पापणी हवी? घे की. पण बोटाने दाबून लाव, भिंतीला चुना देतात तशी ब्रशने फासू नकोस. आणि कपड्याच्या रंगाची लिपस्टिक मागितलीस तर दाराबाहेर काढीन. "रंग दिसला पाहिजे," ती म्हणायची, "रंगवलेली बाई दिसता कामा नये." हे ऐकून बायका माना डोलवायच्या आणि घरी जाऊन पुन्हा सगळं एकदम फासायच्या. म्हणून तर तिला गावाचा तिटकारा होता.

एका गोष्टीत मात्र गाव मुकाट्याने तिचं ऐकायचं, ती म्हणजे हिवाळ्यातला डेब बॉल, वयात आलेल्या पोरींना गावापुढे आणायचा नाचाचा सोहळा. शाळेच्या शेवटच्या वर्गांतल्या पोरी पांढरे झगे, कोपरापर्यंत पांढरे हातमोजे घालून मेमोरियल हॉलमध्ये नगराध्यक्षांपुढे एकेक करून गुडघे वाकवायच्या आणि मग आपापल्या जोडीदाराबरोबर, महिनोन्महिने घोटलेला वॉल्ट्झ नाचायच्या. सगळ्या आया खुर्च्यांवर बसून दुसऱ्यांच्या पोरींना नावं ठेवायच्या. त्या पोरींचे चेहरे कॉरली रंगवायची. एकीला लाल ओठ, एकीला हिरवी पापणी, आणि कुणालाही खात्रीने सांगता यायचं नाही की ही आज नेमकी कशाने एवढी उजळून निघाली आहे. कॉरलीने रंगवलेल्या चेहऱ्याला डुनाराच्या हॉलमध्ये आजवर कुणी हसलेलं नव्हतं. आयुष्यात मिरवण्यासारखं तिच्यापाशी तेवढंच होतं आणि ते ती भरपूर मिरवायची.

मग ती निवृत्त झाली. दुकानवाल्याने तिचं काउंटर काढून तिथे म्हाताऱ्यांच्या काठ्या आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मांडल्या. कॉरलीने त्या दुकानात पाऊल टाकायचं सोडलं आणि रक्तदाबाच्या गोळ्या शेजारच्या गावाहून आणायला लागली. तरी डेबच्या पोरी तिच्या स्वयंपाकघरात येतच राहिल्या. यायच्या थांबल्या त्या केलीन परतल्यावर.

ही केलीन मेलबर्नला दोन-चार वर्षं राहून आली होती. बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीत तिने पार्लर काढलं होतं. तिथे गोल दिवा, फोनवर फोटो आणि कातडी उन्हात भाजल्यासारखी तपकिरी करणारं फवाऱ्याचं मशीन होतं. गव्हाच्या पट्ट्यात, जिथे आयांनी जन्मभर पोरींच्या मागे टोपी घाल, टोपी घाल म्हणून ओरडायचं, तिथे हिवाळ्यात पैसे मोजून तोंड भाजल्यासारखं करून घ्यायला रांगा लागल्या. कॉरलीला यात काही नवल वाटलं नाही. या गावाकडून तिची दुसरी अपेक्षाच नव्हती.

बॉलच्या समितीची अध्यक्ष नेरिडा खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन घरी आली तेव्हाच कॉरलीने ओळखलं. नेरिडा कधी फुकट केक आणणारी बाई नव्हती.

"यंदा पोरींचं म्हणणं पडलं की केलीनकडे जावं," नेरिडा म्हणाली. तिच्या ओठांवर नेहमीचीच कणीक होती. "तुझ्याही वयाचा विचार केला आम्ही, डिअर. किती उभी राहशील?"

"वय माझ्या पायांचं झालंय. हाताचं नाही."

"अगं, कायमचं नाही म्हणत मी. यंदा बघू तिचं काम. बॉल झाला की समिती बसेल, पुढे कोण ते तेव्हा ठरेल. आणि त्या रात्री तू ये हं, हॉलच्या स्वयंपाकघरात चहाला माणूस हवंच आहे."

"चहाला," कॉरली म्हणाली.

"तू छान करतेस चहा."

नेरिडा गेल्यावर कॉरलीने तिचे केक परसातल्या मॅगपाय पक्ष्यांना घातले. पण चहाला ती जाणार होती. आपलं काम कुणाच्या हाती जातंय, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला झोप लागली नसती. आणि दुसरंही कारण होतं. यंदा तिची नात टेगन डेब होती.

टेगनचा चेहरा कॉरलीला मिळणार नव्हता, ते केलीन यायच्या आधीच ठरलेलं होतं. कॉरलीची मुलगी जनेल शाळेची बस चालवायची, केस मागे घट्ट बांधायची आणि तोंडाला साबणापलीकडे काही लावायची नाही. ती स्वतः डेब होती तेव्हा तिने आईला न सांगता घरीच मैत्रिणीकडून डोळे निळे करून घेतले होते. कॉरलीने हॉलच्या दारातच, सगळ्या पोरींसमोर, ओल्या फडक्याने तिचं तोंड खसाखसा पुसलं. "माझी पोर असून असं सोंग घेऊन येतेस?" असं म्हणाली होती. मग तिने ते तोंड नव्याने रंगवलं आणि त्या रात्री जनेल सगळ्यांत देखणी दिसली, हे सगळं गाव कबूल करतं. जनेलने त्यानंतर रंगाला हात लावला नाही. कॉरलीला त्यात आपलं काही चुकलं असं वाटत नव्हतं. काम उत्तम झालं होतं.

"टेगनचं मी बघते," जनेलने फोनवर एवढंच सांगितलं होतं. "तू मध्ये पडू नकोस, आई."

"तू बघतेस म्हणजे केलीन बघते."

"मध्ये पडू नकोस म्हटलं ना."

बॉल होता त्या शनिवारी संध्याकाळी हॉलचे गॅसचे हीटर चार वाजल्यापासून पेटवलेले होते. कॉरली किटल्या मांडत होती, आणि नाकाने कांदे सोलणाऱ्या समितीच्या बायका सॉसेज रोलच्या ताटांभोवती हुकूम सोडत होत्या. तेवढ्यात मागच्या खोलीत कुणीतरी किंचाळलं. मग आणखी कुणी. मग नेरिडा पळत आली. तिचं तोंड आता खरंच कणकेसारखं झालं होतं.

"कॉरली, जरा येतेस?"

"चहा उतू जाईल."

"जाऊ दे चहा!"

खोलीत जे होतं ते पाहून कॉरलीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा देव आहे असं वाटलं. फवारायच्या ठरलेल्या दिवशी, गुरुवारी, केलीनने दुसऱ्या गावातलं लग्न धरलं होतं आणि परतायला शुक्रवारची रात्र झाली, म्हणून डेबच्या पोरींना तिने आजच दुपारी फवारून काढलं होतं. फवाऱ्याचा तो रंग अंगावर मुरायला रात्र लागते, तोवर अंग कोरडं राहावं लागतं. इथे हीटरच्या उबेत, घट्ट झग्यांत, नाचाची शेवटची तालीम करून पोरी घामाघूम झाल्या होत्या. रंग अजून गडद होतच होता आणि ओघळतही होता. गळ्याखाली पट्टे पडले होते. हातमोज्यांची बोटं नारिंगी, झग्यांच्या काखा नारिंगी, जोडीदार पोरांचे सदरे खांद्यावर नारिंगी. त्या गाजरांच्या चेहऱ्यांवर केलीनने वर जांभळट ओठ आणि काजळी डोळे काढलेले होते. केलीन कोपऱ्यात ओले कागदी रुमाल घेऊन उभी होती आणि जिथे पुसत होती तिथे आणखी पसरवत होती.

"चोळू नकोस गं, बये," कॉरली म्हणाली. "ती पोर आहे, तवा नाही."

"मशीनच्या बाटलीचाच काहीतरी प्रॉब्लेम आहे," केलीन म्हणाली.

"हो ना. बाटलीनेच लग्न धरलं गुरुवारचं."

"कॉरली, काहीतरी कर," नेरिडा म्हणाली.

"मी चहाला आले आहे."

"कॉरली!"

"नीट सांग."

नेरिडाने मागे वळून पाहिलं. समितीच्या चार बायका ऐकत होत्या. "कॉरली, तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार नाही. प्लीज."

मग कॉरलीने बाह्या वर केल्या. लिंबं कापायला लावली, खायचा सोडा मागवला, कुणाच्या तरी तान्ह्या बाळाच्या पिशवीतून तेल काढलं. माना आणि हात घासून काढले. झग्यांवरच्या डागांवर टाल्कम पावडर टिपून टिपून ते बुजवले. ज्या चेहऱ्यांचा रंग निघेना त्यांच्यावरचं बाकी सगळं उतरवलं आणि एकच रंग ठेवला. एका पोरीला टोमॅटोसारखा लाल ओठ दिला, तर कातडीचं गाजर त्यामागे उन्हाळ्यातल्या सुटीसारखं दिसायला लागलं. ब्रॉनी नावाची एक पोर रडून डोळे सुजवून बसली होती. तिच्या पापण्यांवर कॉरलीने पाचूसारखा हिरवा बोटाने दाबला आणि ओठ कोरे सोडले.

"हिरवा?" ब्रॉनीची आई म्हणाली. "जास्त नाही होणार?"

"जास्त तुझं बोलणं होतंय. बाहेर जा."

ब्रॉनीने आरशात पाहिलं आणि रडायची थांबली. कॉरलीने तिच्याकडे पुन्हा बघितलंही नाही. तिला या पोरींचं फारसं प्रेम नव्हतं. पुढच्या महिन्यात याच पोरी पुन्हा त्या फवाऱ्याखाली उभ्या राहणार, हे तिला ठाऊक होतं. पण हात चालत होता आणि हाताला तोड नव्हती. बँड सुरू झाला तेव्हा पोरी दारात ओळीने उभ्या होत्या आणि समितीच्या बायका त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या होत्या.

नेरिडाने तिचा कोपर धरला. "पुढच्या वर्षीपासून तूच. समितीचं मी बघते. बैठक भरवायचीसुद्धा गरज नाही."

"ते मला आधीच माहीत होतं," कॉरली म्हणाली. आनंद दिसू नये म्हणून ती खाली बघत बाह्या सारख्या करायला लागली.

पोरी एकेक करून बाहेर जायला लागल्या, नावं पुकारली जायला लागली, टाळ्या पडायला लागल्या. तेव्हा मागच्या दाराने टेगन आली. तिचं नाव यादीत शेवटी होतं आणि जनेलच्या बसचं इंजिन थंडीत सुरू होईना म्हणून उशीर झाला होता. तिच्या अंगाला फवारा लागलेला नव्हता. तेवढं सोडलं तर सगळं लागलेलं होतं. पापण्या भुवयांपर्यंत निळ्या. गालांवर दोन लाल वर्तुळं, सर्कशीतल्यासारखी. आणि ओठ दणदणीत नारिंगी-लाल, कोपऱ्यांबाहेर ओसंडलेले.

"हे कोणत्या गाढवीने केलं?" कॉरली म्हणाली.

"नॅन..." टेगनने आजीला थांबवायला पाहिलं.

"थांब. बोलू नकोस, ओठ आणखी पसरतील. तोंड आहे की जत्रेतलं दुकान? डोळे ओरडतायत, गाल ओरडतायत, ओठ तर बोंबलतायत. रंग कशाशी खातात हे जिला कळत नाही तिच्या हातात ब्रश दिला कुणी? अशा बाईने कुंपण रंगवावं. कुंपणसुद्धा नको, मेंढ्या घाबरतील." केलीन कोपऱ्यात आपली बाटल्यांची पेटी भरत होती. तिला ऐकू जावं म्हणून कॉरलीने आवाज चढवला. "पैसे घेतलेस का गं याचे? लाज वाटली नाही?"

"हे माझं काम नाही," केलीन म्हणाली.

"नॅन," टेगन म्हणाली, "आईने केलंय."

कॉरलीच्या हातात ओलं फडकं होतं. दारात जनेल उभी होती, अंगात बसचालकाचा जाड कोट, हातात टेगनची शाल. तिने सगळं ऐकलेलं होतं. तिच्या बोटांवर निळा रंग होता.

"कितीतरी दिवस करून बघत होती ती," टेगन हळू आवाजात म्हणाली. "बाथरूममध्ये, स्वतःच्या तोंडावर. करायची आणि धुवून टाकायची. मला वाटायचं आंघोळच करतेय. तुझाच रंग शोधून आणलाय तिने, नॅन. मला कळतंय कसं दिसतंय ते. पण तू पुसलंस तर मी बाहेर जाणार नाही."

बाहेर टाळ्या वाजल्या. टेगनच्या आधी आता ब्रॉनी तेवढी उरली होती. दोन मिनिटांत ओठांच्या कडा आत घेता आल्या असत्या, गाल उतरवता आले असते, निळा निम्म्यावर आणता आला असता. कॉरलीचे हात शिवशिवत होते. एवढ्या वाईट कामासमोर ती आयुष्यात कधी गप्प बसली नव्हती. पण स्वतःचाच आवाज अजून त्या खोलीत घुमतोय असं तिला वाटत होतं, आणि तिला त्याची किळस आली.

तिने फडकं सिंकमध्ये टाकलं. टेगनच्या हातमोज्याची सुरकुती तेवढी सरळ केली.

"जा. नाव पुकारतील."

टेगन गेली. कॉरली जनेलकडे वळली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने टेगनचा चेहरा आठवून त्यात खरंच चांगलं असं काहीतरी शोधलं.

"डोळ्यावरची रेघ सरळ आली आहे," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या डोळ्यावर पहिल्याच खेपेला कुणाला येत नाही."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं भयंकर आहे."

जनेलने बोटांवरचा निळा रंग कोटाला पुसला. "मला माहीत आहे," ती म्हणाली. तिला हसू येत होतं की रडू, ते कॉरलीला कळलं नाही.

दोघी हॉलच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. टेगन दिव्याखाली आली, आणि खुर्च्यांच्या मधल्या रांगांतून ती ओळखीची खुसखुस उठली. कुणीतरी तोंडावर हात घेतला. टेगनने ताठ मानेने चालत जाऊन गुडघे वाकवले. नगराध्यक्ष त्या चेहऱ्याकडे बघून जरा दचकले आणि मग हसून त्यांनी हात पुढे केला.

नेरिडा लगबगीने मागे आली. "अगं, तुझ्या नातीला काय केलंय हे? केलीनने ना? शेवटी एकीचा तरी बळी घेतलाच तिने."

"केलीनने नाही."

"मग कुणी? कुणाचा हात एवढा आंधळा?"

जनेल कोटाच्या खिशात हात घालून समोर बघत उभी होती. तिचे कान लाल झाले होते.

"माझा," कॉरली म्हणाली.

"तुझा?"

"माझा. काही म्हणायचंय?"

नेरिडा एक पाऊल मागे सरली. समितीच्या आणखी दोघी वळून बघायला लागल्या, आणि कॉरलीला दिसत होतं, उद्या दुपारपर्यंत हे गव्हाच्या कोठारांपर्यंत पोहोचणार. "म्हणजे," नेरिडा सावकाश म्हणाली, "ते पुढच्या वर्षीचं मघाशी म्हटलं ना मी... ते आपण समितीत बोलूनच ठरवू या हं, डिअर."

"ठरवा," कॉरली म्हणाली आणि टेगन नाचायला वळली तशी जोरजोरात टाळ्या वाजवायला लागली.

जनेल आता तिच्याकडे बघत होती. कॉरलीने तिकडे मान वळवली नाही. वळवली असती तर रडू आलं असतं, आणि मस्कारा ओघळलेल्या बाईइतकी गबाळी बाई जगात दुसरी नाही, असं तिचं जन्मभराचं मत होतं.